महाराष्ट्र आणि गोव्यातील गावांची नावे: लिहिताना व उच्चारताना होणाऱ्या चुका (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गावाचे नाव मराठीच असताना मराठी माणसाच्या हातून ते चुकते कसे?

बहुतेक चुका रोमन लिपीतून परत येताना होतात. 'लोणावळा' हे नाव रोमन लिपीत गेले की त्यातला ण सपाट होतो, ळ सपाट होतो. मग ते इंग्रजी फलकावरून, तिकिटावरून किंवा नकाशाच्या अ‍ॅपवरून पुन्हा देवनागरीत उतरवले की 'लोनावला' तयार होते. मूळ नाव माहीत नसलेल्या माणसाचा यात दोष नाही, कारण रोमन लिपीत ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट, द आणि ड, अ आणि आ यांना वेगवेगळी अक्षरेच नाहीत. दुसरा मोठा स्रोत हिंदी लेखनाचा. 'नासिक', 'सतारा', 'शिरडी', 'पंचगनी' ही हिंदीतली रूपे मराठी मजकुरात सर्रास शिरतात. मराठीत ती नाशिक, सातारा, शिर्डी आणि पाचगणी अशीच लिहायची.

म्हणून पहिला नियम: गावाचे मराठी नाव इंग्रजी नावावरून कधीही बनवू नका, ते मराठी मजकुरातूनच घ्या.

ळ आहे की ल, हे कसे ओळखायचे?

पूर्ण खात्रीचा नियम नाही, पण काही शेवट बऱ्यापैकी भरवशाचे आहेत. '-आळा' किंवा '-अवळा' असा शेवट असेल तर बहुधा ळ असतो: खंडाळा, पन्हाळा, वडाळा, करमाळा, शिराळा, टिटवाळा, लोणावळा. '-वली' असा शेवट असेल तर ल: बोरिवली, कांदिवली, डोंबिवली, आंबिवली, कणकवली. '-ओली'मध्येही बहुधा ल येतो (हिंगोली, दापोली, गडचिरोली, ऐरोली, घणसोली, कळंबोली), पण विक्रोळी ळनेच. '-ओला' शेवटाची अकोला आणि सांगोला ही नावे लनेच लिहायची. येवला आणि कुर्लासुद्धा.

जिथे नियम हात टेकतो तिथे पाठ करण्याला पर्याय नाही. जळगाव जिल्ह्यातल्या भुसावळमध्ये ळ आहे आणि त्याला लागूनच असलेल्या यावलमध्ये ल. यवतमाळ ळने. कळवा ळने, त्याच रेल्वेमार्गावर पुढचे कल्याण लने. बदलापूर लने, तुळजापूर ळने. धुळे, परळ, परळी, वरळी, कुडाळ, म्हसळा, शिरोळ, मोहोळ, आळंदी, तळेगाव, महाबळेश्वर हे सगळे ळवाले. सांगली, अलिबाग, मुलुंड, मालाड, कागल, पनवेल हे लवाले. रायगडातली अष्टविनायकांपैकी एकाची 'पाली' हीसुद्धा लचीच.

एक गोष्ट मात्र निश्चित आहे: मराठी नावाची सुरुवात ळने होत नाही.

परदेशात वाढलेल्या मुलांना ळ म्हणताच येत नाही. काय करावे?

ल म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकते. ळसाठी ते टोक मागे वळवून टाळूच्या उंच भागाला लावायचे आणि झटकन पुढे सोडायचे. ळ ताणून धरू नका, झटका महत्त्वाचा. आधी 'अळ, इळ, उळ' असे स्वरानंतर म्हणवून घ्या, मग 'परळ', मग 'परळी', आणि शेवटी 'लोणावळा'. लोणावळ्यात ल, ण आणि ळ तिन्ही असल्यामुळे ते सगळ्यात अवघड जाते, त्यापासून सुरुवात करू नका. ण आणि ळ या दोन्हींमध्ये जीभ सारखीच मागे वळते, त्यामुळे एक जमला की दुसरा लवकर येतो.

न-ण, त-ट, द-ड यांत नेहमी चुकणारी नावे कोणती?

ण: ठाणे, पुणे, पेण, उरण, चाकण, चिपळूण, फलटण, पैठण, पाटण, परभणी, मालवण, लोणार, बुलढाणा. 'पेन' लिहिले की शाईचे पेन होते, रायगडातले गणपतीच्या मूर्तींचे गाव राहत नाही. श्रीवर्धन आणि पनवेलमध्ये मात्र न आहे.

ट: विटा, फलटण, पाटण, आटपाडी, खटाव. त: सातारा, लातूर, जत. जतला रोमन लिपीत पुष्कळदा शेवटी टी-एच लावतात, त्यामुळे बाहेरचे लोक 'जथ' वाचतात. नावात थ नाही.

टी-एच हीच जोडी थ आणि ठ दोन्हींसाठी येते. माथेरान, पाथर्डी, पाथरी, थेऊर यांत थ. ठाणे, पैठण, अजिंठा यांत ठ.

डी-एच त्याहून फसवी. धुळ्यात ध आहे, पण पंढरपूर, माढा, कोंढवा, मंगळवेढा यांत ढ. सोलापूर जिल्ह्यातल्या माढ्याचे 'मधा' झालेले अनुवादित बातम्यांत पाहायला मिळते. उलट बाजूने शहादा आणि तळोदा (दोन्ही नंदुरबार जिल्ह्यातले) यांत साधा द आहे, तिथे ड लावू नका.

गडहिंग्लज आणि हातकणंगले ही नावे कशी तोडायची?

गडहिंग्लज हे गड + हिंग्लज असे आहे. रोमन लिपीत ड आणि ह शेजारी आले की वाचणारा त्यांचा ढ किंवा ध करतो आणि 'गढिंग्लज' म्हणतो. ड वर थांबा, मग हिं सुरू करा: गड-हिंग्-लज.

हातकणंगले: हात-क-णंग-ले. ण वर अनुस्वार आहे, क वर नाही. 'हातकणगले', 'हातकंणगले' अशी दोन्ही चुकीची रूपे फिरतात. हे दोन्ही तालुके कोल्हापूर जिल्ह्यातले. सांगलीतल्या कवठे महांकाळमध्येही अनुस्वार 'हां'वरच द्या आणि शेवटी ळ लिहा.

'पूर' दीर्घ की ऱ्हस्व?

गावाच्या नावात नेहमी दीर्घ. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांत यासाठी स्वतंत्र नियमच आहे. नागपूर, सोलापूर, कोल्हापूर, चंद्रपूर, पंढरपूर, इंदापूर. 'नागपुर' हे हिंदी लेखन.

गोंधळ होतो तो प्रत्यय लागल्यावर. ला, हून, चा, मध्ये, कर हे थेट जोडले जातात, तेव्हा पू दीर्घच राहतो: नागपूरला, नागपूरहून, नागपूरचा, नागपूरकर. पण 'त' लागताना आधी 'आ' येतो आणि पु ऱ्हस्व होतो: नागपुरात, सोलापुरात. ई लागून विशेषण झाले तरी ऱ्हस्व: कोल्हापुरी चप्पल, सोलापुरी चादर, नागपुरी संत्री. 'कोल्हापूरी' ही दुकानांच्या पाट्यांवरची बहुधा सर्वांत जास्त वेळा रंगवलेली चूक असेल.

हाच न्याय इतर नावांना लावा: चिपळूणला पण चिपळुणात, वेरूळची लेणी पण वेरुळात.

इतर नावांत ऱ्हस्व-दीर्घ कसे ठरते?

शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इ किंवा उ मराठी शब्दांत दीर्घ असतो. त्यानुसार कोथरूड, मुरूड, वेरूळ, नेरूळ, लातूर, शिरूर, चेंबूर, अकलूज, पलूस, माहीम, बीड. अपवाद रूढीने ठरलेले आहेत आणि ते पाळायचे: नाशिक, वाशिम. धाराशिवमध्ये 'शिव' हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आहे, म्हणून शि ऱ्हस्व. सिंधुदुर्गमध्ये 'धु' ऱ्हस्व. 'सिंधूदुर्ग' हे इतके पसरले आहे की तेच बरोबर वाटू लागते. नंदुरबारमध्येही 'दु' ऱ्हस्व. भीमाशंकरचा भी दीर्घ.

'गाव' की 'गांव'?

गाव. उच्चार न होणारा अनुस्वार मराठीत लिहीत नाहीत. जळगाव, मालेगाव, शेगाव, चाळीसगाव. रेल्वे स्थानकांवरचे 'गांव' हे हिंदी फलकावरून आलेले असते. नांदगावमध्ये पहिला अनुस्वार खरा उच्चारला जातो म्हणून तो राहतो, दुसरा जातो.

रोहा की रोहे, वेंगुर्ला की वेंगुर्ले, कार्ला की कार्ले?

मराठीत गावांची पुष्कळ नावे नपुंसकलिंगी आणि एकारान्त आहेत: पुणे, ठाणे, धुळे, रोहे, वेंगुर्ले, कार्ले, भाजे. इंग्रजी आणि हिंदी वळणाने त्यांचा शेवट 'आ' झाला: पूना, धुलिया, रोहा, वेंगुर्ला, कार्ला, भाजा. पुणे आणि धुळे यांनी आपले रूप परत मिळवले, रोहा मात्र मराठीतही चांगलाच रुळला आहे. मराठी मजकुरात वेंगुर्ले, कार्ले, भाजे लिहावे.

हा घोळ इतका टिकून राहतो याचे कारण व्याकरणात आहे. आकारान्त असो की एकारान्त, प्रत्यय लागल्यावर दोन्हींचे रूप एकच होते: रोह्याला, वेंगुर्ल्यात, कार्ल्याची लेणी. बोलताना लोक बहुतेक वेळा प्रत्ययासकट नाव घेतात, त्यामुळे मूळ शेवट ऐकूच येत नाही. गावकऱ्याला विचारायचे असेल तर 'तुम्ही कुठले?' विचारू नका, त्यावर 'रोह्याचा' असे उत्तर येईल. 'गावाचं नाव काय?' असे विचारा.

याचा सर्वांत मोठा फटका अकोल्याला बसतो. विदर्भातला जिल्हा अकोला, आणि अहिल्यानगर जिल्ह्यातला भंडारदऱ्याचा तालुका अकोले. दोन्हींचे 'अकोल्यात', 'अकोल्याहून'. बातमीत किंवा निमंत्रणात नुसते 'अकोल्यात' लिहिले तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. जिल्हा लिहावाच लागतो.

'पुणेला', 'ठाणेमध्ये' चालते का?

नाही. पुण्याला, ठाण्यात, धुळ्याहून, वांद्र्याला, साताऱ्यात. फक्त 'कर' लागताना मूळ रूप टिकते: पुणेकर, ठाणेकर, धुळेकर. साताऱ्याचे मात्र सातारकर. संगणकाने आपोआप बनवलेल्या संदेशांत 'पुणेमध्ये' येते, कारण तिथे नाव आणि प्रत्यय वेगवेगळे साठवून जोडलेले असतात. अशी प्रणाली तुमच्या हातात असेल तर प्रत्येक गावासाठी सामान्यरूपाचा वेगळा रकाना ठेवा: पुणे/पुण्या, सातारा/साताऱ्या, नागपूर/नागपूर. एवढ्याने बहुतेक वाक्ये सुधारतात.

'साताऱ्यात' टाइप करताना र फुटतो किंवा वर रफार जातो. उपाय?

'सातार्यात' असे दिसत असेल तर तुम्ही साधा र वापरला आहे. इथे ऱ हे वेगळे अक्षर लागते. इनस्क्रिप्ट कळफलकावर साधा र 'जे'च्या कळीवर आहे आणि शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ऱ मिळतो. मग हलन्त, मग य. त्याच कळफलकावर ळ शिफ्टसह 'एन'वर आणि ण शिफ्टसह 'सी'वर आहे.

जुन्या फायलींत हेच जोडाक्षर साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशा पद्धतीने साठवलेले असते. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण शोध घेताना एक दुसऱ्याला सापडत नाही. गावांची यादी विस्कळीत वाटली, एकच नाव दोनदा आले, तर आधी हे तपासा. हिंदी कळफलकातून येणारे ड आणि ढ खालचे टिंब (बीड़, रायगढ़) हेही शोधात असाच घोळ घालते. मराठीत ते टिंब नाही.

रायगड की रायगढ?

महाराष्ट्रातला रायगड, छत्तीसगडमधला रायगढ. आपल्या किल्ल्यांच्या आणि गावांच्या नावांत 'गड' असतो: सिंहगड, देवगड, मंडणगड. आपला रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा होता, त्यामुळे जुन्या दस्तांत 'जि. कुलाबा' दिसले तर ते मुंबईचे कुलाबा समजू नका. शिवाय रत्नागिरीतला 'त्ना' काना घेऊनच येतो, 'रत्नगिरी' नव्हे.

जवळजवळ सारखी नावे, ज्यांमुळे माणूस खरोखर भलत्या गावी पोहोचतो?

महड आणि महाड. रोमन लिपीत दोन्ही एम-ए-एच-ए-डी, आणि दोन्ही रायगड जिल्ह्यात. महड खोपोलीजवळ, खालापूर तालुक्यात, तिथे अष्टविनायकांपैकी वरदविनायक. महाड हा दक्षिणेकडचा तालुका, १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला ते शहर. नकाशात टाकताना 'वरदविनायक' किंवा 'चवदार तळे' असे ठिकाण टाका, गावाचे नाव टाकू नका.

नेरळ आणि नेरूळ. नेरळ मध्य रेल्वेवर, कर्जतच्या अलीकडे, माथेरानच्या पायथ्याशी. नेरूळ नवी मुंबईत, हार्बर मार्गावर. उद्घोषणेत दोन्ही स्पष्ट वेगळे ऐकू येतात, रोमन लिपीत मात्र फरक एका अक्षराचा.

कर्जत दोन: रायगडचे आणि अहिल्यानगरचे. खेड दोन: रत्नागिरीचे आणि पुण्याचे (राजगुरुनगर). ओझर दोन: जुन्नर तालुक्यातले विघ्नेश्वराचे आणि नाशिकच्या विमानतळाचे. शिरूर तीन तरी: पुण्याचे, बीडचे शिरूर कासार, लातूरचे शिरूर अनंतपाळ. कळंब धाराशिवातही आहे आणि यवतमाळातही. वाशी नवी मुंबईत आणि धाराशिव जिल्ह्यातही. सिंदखेड राजा बुलढाण्यात, शिंदखेडा धुळ्यात: स आणि श यांची अदलाबदल झाली की जिल्हा बदलतो.

खुर्द, बुद्रुक म्हणजे काय? पत्त्यात गाळले तर चालतात?

गाळू नका. एकाच नावाची दोन गावे असली की मोठे ते बुद्रुक आणि लहान ते खुर्द; दोन्ही शब्द फारसीतून आले. कोंढवा बुद्रुक आणि कोंढवा खुर्द हे पुण्यातले ओळखीचे उदाहरण. सात-बाऱ्यावर ते 'बु.' आणि 'खु.' असे येतात. शब्द 'बुद्रुक' आहे, दोन्ही उकार ऱ्हस्व. 'बुद्रूक' किंवा 'बुदृक' नव्हे. जमिनीच्या कागदांत हे दोन एकाक्षरी संक्षेप चुकले तर गावच बदलते, म्हणून इथे घाई नको.

च आणि ज चा उच्चार कोणता?

लिपीत एकच अक्षर, पण मराठीत त्याचे दोन उच्चार. 'चहा'मधला तालव्य च, 'चमचा'च्या शेवटचा दंत्य च. चाळीसगाव, चोपडा यांत दंत्य. जळगाव, जालना, जत यांत ज दंत्य, 'जय'मधल्यासारखा नव्हे तर 'जळणे'मधल्यासारखा. पुढे इ, ई, ए असेल तर बहुधा तालव्य: चिपळूण, चेंबूर. जेजुरीत एकाच नावात दोन्ही आहेत, जे तालव्य आणि जु दंत्य. चंद्रपूर संस्कृत वळणाचे, म्हणून तालव्य. मुंबईच्या माझगावचे इंग्रजी लेखन झेडने होते, ते त्यातल्या दंत्य झमुळेच.

फलटण आणि फोंडा यांतला फ दोन्ही ओठ मिटून, 'फळ'मधल्यासारखा म्हणा.

गोव्यातली नावे इंग्रजी फलकावरून वाचता येत नाहीत. त्यांची काही किल्ली आहे का?

आहे. गोव्याचे रोमन लेखन इंग्रजीचे नसून पोर्तुगीज वळणाचे आहे. तीन गोष्टी लक्षात ठेवा. शेवटचा 'एम' हा म नव्हे, तो स्वर नाकातून उच्चारायची खूण आहे. ड साठी पुष्कळदा 'आर' लिहिलेला असतो. आणि 'एक्स' हा श असतो.

या तिघांनी बरीच कुलपे उघडतात. 'पेर्नेम' असे वाचले जाणारे गाव पेडणे. 'मार्गाव' म्हणजे मडगाव. 'कुर्चोरेम' म्हणजे कुडचडे. 'संग्वेम' म्हणजे सांगे, 'क्वेपेम' म्हणजे केपे, 'काणाकोना' म्हणजे काणकोण. 'बिचोलिम' हे डिचोली आणि 'सांक्वेलिम' हे साखळी; ही दोन किल्लीने उघडत नाहीत, पाठच करावी लागतात. म्हापसा, पणजी, कळंगुट, दाबोळी, वाळपई, मुरगाव, सासष्टी, बार्देश ही मराठी रूपे मराठी मजकुरात निःसंकोच लिहावीत. सत्तरी हा गोव्यातला तालुका, साताऱ्याशी त्याचा संबंध नाही. फोंडा गोव्यात, तर फोंडाघाट सिंधुदुर्गात, कणकवली तालुक्यात.

मुंबईच्या स्थानकांची मराठी नावे वापरावीत की बोलण्यातली?

लिखाणात मराठी: शीव, वांद्रे, भायखळा, शिवडी, परळ. बोलताना 'सायन' आणि 'बांद्रा' इतके रुळले आहेत की समोरच्याला पत्ता सांगताना तेच म्हटले तर गैर नाही. पण छापील मजकुरात 'बांद्रा' आणि 'वांद्रे' एकाच पानावर येऊ देऊ नका.

बदललेली नावे कशी लिहायची?

छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव (२०२३), अहिल्यानगर (२०२४). 'छत्रपती' मराठीत दीर्घ ती, 'अहिल्या'त ऱ्हस्व हि. चालू संदर्भात नवे नाव लिहा. जुन्या घटनेबद्दल, दस्ताबद्दल किंवा छापील शिक्क्याबद्दल लिहिताना त्या काळचे नाव ठेवा आणि पहिल्याच उल्लेखात कंसात आजचे द्या.

गावातच दोन रूपे चालत असतील तर?

बुलढाणा आणि बुलडाणा दोन्ही छापात दिसतात. कराडचे जुन्या लिखाणात 'कऱ्हाड' आहे. अशा ठिकाणी एक रूप ठरवा आणि संपूर्ण मजकुरात तेच ठेवा. अवतरण असेल तर मूळचे बदलू नका.

पत्ता आणि सरकारी अर्जात कोणते रूप लिहावे?

अर्जाला जोडलेल्या कागदावर जे आहे ते, अक्षरशः. सात-बाऱ्यावर 'अकोले' असेल आणि अर्जावर 'अकोला' लिहिलेत तर शुद्धलेखनाचा प्रश्न राहत नाही, गावच वेगळे ठरते. पत्त्यात मु., पो., ता., जि. हे चारही भाग आणि सहा अंकी पिन कोड लिहा. पिनचे पहिले तीन अंक दुहेरी नावांचा निकाल तिथेच लावतात: अकोला ४४४, अकोले ४२२, रायगडचे कर्जत ४१०, अहिल्यानगरचे ४१४. ऑनलाइन अर्जात आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव निवडा. गाव थेट शोधू नका, कारण त्या शोधात बहुधा रोमन नावच जुळवले जाते आणि यादीत पहिले येणारे गाव तुमचे असेलच असे नाही.

छापायला देण्यापूर्वी नावे तपासण्याची जलद पद्धत?

मजकुरातली सर्व गावे एका यादीत काढा. ज्यांत ल, न, त, द, थ, ध यांपैकी अक्षर आहे त्यांवर खूण करा, कारण चूक तिथेच लपते. खूण केलेली नावे जिल्हा परिषदेच्या किंवा जिल्हा प्रशासनाच्या मराठी पानावर पाहा, इंग्रजी पानावर नाही. मग प्रत्येक नाव 'त' किंवा 'मध्ये' लावून मोठ्याने म्हणा: पेणमध्ये, धुळ्यात, वेरुळात. ज्या गावाचे सामान्यरूप तुमच्या तोंडून अडखळत येते, त्याचे मूळ रूप तुम्हाला नीट माहीत नाही असे समजा आणि त्या भागातल्या कुणाला तरी फोन करून विचारा. विचारताना त्यांना अक्षर सांगायला लावा: 'बाण'चा ण की 'नळ'चा न, 'फळ'चा ळ की 'फल'चा ल.